भाचे-पुतण्यांच्या लग्नात टिकणारी भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की मामा, मावश्या, आत्या, काका आणि आजी-आजोबा यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांचे म्हणणे एकच असते : घरातल्या लहानग्याचे लग्न आहे, आपण दिलेली वस्तू त्याच्या घरात पन्नास वर्षांनीही असावी. उत्तरे एकत्र केली आहेत आणि जिथे एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेले आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टिकाऊ भेट म्हणजे महाग भेट का?

नाही. जी वस्तू घरात वापरली जाते आणि बिघडल्यावर दुरुस्त करता येते, तीच पुढच्या पिढीच्या हाती जाते. माझ्या आईच्या लग्नात तिच्या आत्याने दिलेला पितळी तांब्या आजही आमच्या देवघराशेजारी आहे. चिंच आणि राखेने घासून घासून त्याच्या काठाखालचे नाव पुसट झाले आहे. उजेडात तिरपा धरला तर ठोक्यांनी उमटवलेले ठिपके दिसतात, आणि दिसले नाहीत तरी अंगठ्याला लागतात. त्याच लग्नात आलेल्या काचेच्या महागड्या संचातला एकही पेला उरलेला नाही. तांब्याला पोचे आले, ते काढून घेता आले. काच फुटली ती गेली. म्हणून कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी, ही बिघडली तर कोणाकडे न्यायची, हा प्रश्न मी सर्वांना विचारायला सांगते. उत्तर सापडत नसेल तर ती वस्तू सुंदर असेल, पण आठवण म्हणून देण्याजोगी नाही.

२. मग सरळ पाकीट दिले तर काय बिघडले?

काहीच बिघडत नाही, आणि जोडप्याला घरभाड्याची अनामत भरायची असेल किंवा शिक्षणाचे कर्ज फेडायचे असेल तर पाकीट हाच सर्वांत मायेचा आहेर ठरतो. मात्र पैसे खर्चात मिसळून जातात. ज्यांना दोन्ही साधायचे आहे त्यांनी रकमेचा मोठा भाग पाकिटात द्यावा आणि लहान भाग एखाद्या जातिवंत वस्तूवर खर्च करावा. चांदीची एक वाटी पुरते, ताट-वाटी-पेल्याचा अख्खा संच लागत नाही. रोख रकमेबाबत कायद्याची एक मर्यादा आहे, ती प्रश्न १७ मध्ये पाहावी.

३. वधू-वरांना विचारून भेट ठरवावी, की अचानक द्यावी?

वस्तू मोठी असेल तर विचारावे. महानगरातल्या दोन खोल्यांच्या घरात चार फुटी समई, सागवानी झोपाळा किंवा तांब्याचा बंब ठेवायला जागा नसते, आणि जागा नसलेली वस्तू सासर-माहेरच्या माळ्यावर जाते. लहान वस्तूबाबत विचारण्याची गरज नाही, पण आईला किंवा मोठ्या बहिणीला एक फोन करावा म्हणजे तीच वस्तू दुसरे कोणी देणार नाही याची खात्री होते. हातमागाची साडी, गोधडी किंवा वाद्य करवून घ्यायचे असेल तर साखरपुडा होताच कारागिराशी बोलावे. लग्नाच्या आदल्या महिन्यात धावपळ करून चांगले हातकाम मिळत नाही.

४. सोन्याचा दागिना घेताना काय तपासावे?

हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. २२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५० आणि १४ कॅरेटसाठी ५८५ हे आकडे असतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचे असलेल्या दागिन्यांची विक्री सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय करता येत नाही. हा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की त्याची नोंद पडताळता येते. दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, ही तपासणी करावी.

सक्तीला अपवाद आहेत आणि मराठी दागिन्यांत ते वारंवार भेटतात. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा दागिना, तसेच कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम यांना सक्ती लागू नाही. नथीत सोने थोडे आणि मोती जास्त, त्यामुळे अनेक नथींवर हॉलमार्क नसतो आणि त्यात गैर काही नसते. अशा वेळी पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट आणि मोत्यांचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. गोठांसारख्या दागिन्यांत आत लाख भरलेली असू शकते, म्हणून तिथेही एकूण वजन आणि सोन्याचे वजन असे दोन आकडे मागावेत.

कोणता दागिना द्यावा, याबद्दल माझे मत सांगते. रोज किंवा निदान सणावाराला अंगावर येईल असा एक लहान दागिना, म्हणजे ठुशी, कुड्या किंवा बारीक मोहनमाळ, हा लॉकरमध्ये राहणाऱ्या जड हारापेक्षा बरा. मोत्यांच्या तन्मणीबरोबर किंवा चिंचपेटीबरोबर एक चिठ्ठी द्यावी की अत्तर आणि घाम मोत्यांना सोसत नाही, आणि दोरा सैल झाला की दागिना पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावा.

५. चांदीत फसवणूक होते असे ऐकतो. कशी ओळखावी?

सर्वांत मोठा गोंधळ शब्दांचा आहे. जर्मन सिल्व्हर या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूत चांदी अजिबात नसते. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूत चांदी फक्त पृष्ठभागावर असते आणि घासून घासून खालचा धातू उघडा पडतो. मीही एकदा एका दुकानदाराच्या तोंडी शब्दावर भरवसा ठेवून भाचीला मुलाम्याचे निरांजन दिले होते. तिसऱ्या दिवाळीला त्याचे कडे पिवळे दिसू लागले, आणि तिने काही न बोलता ते मागच्या फळीवर ठेवले. त्याची रुखरुख अजून आहे.

बीआयएस हॉलमार्क चांदीलाही मिळते. ८००, ८३५, ९२५, ९७०, ९९० असे अंक म्हणजे हजार भागांत शुद्ध चांदीचे किती भाग आहेत ते. अगदी शुद्ध चांदी मऊ असते. रोजच्या वापराच्या वाटीला किंवा चमच्याला थोडे तांबे मिसळलेली ९२५ ची चांदी बळकट पडते, तर नाणे किंवा पूजेची लहान मूर्ती ९९० ची असली तरी चालते. पावतीवर शुद्धता लिहून घ्यावी, कारण जुनी चांदी मोडीत देताना याच आकड्यावर भाव ठरतो. पैंजण, जोडवी, छल्ला असे काही द्यायचे असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी हे चांदीकामाचे नावाजलेले गाव आहे.

६. चांदी काळी पडते, मग ती टिकाऊ कशी?

काळेपणा हा बिघाड नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन वर पातळ थर बसतो, आतली चांदी तशीच राहते. रबर, लोकरीचे कापड आणि वर्तमानपत्र यांच्या सहवासात हा थर लवकर चढतो, म्हणून मऊ सुती कापडात गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावी. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून, चांदी फॉइलला टेकेल अशी काही मिनिटे ठेवली तर बराचसा थर निघून जातो. मोती किंवा खडे जडवलेल्या वस्तूला हा उपाय करू नये. दंतमंजनाने घासण्याची सवय अनेक घरांत आहे, पण त्याने बारीक चरे पडतात आणि कोरलेले नाव झिजते. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे वापर. रोज हातात येणारी वाटी क्वचितच काळी पडते.

७. पैठणी द्यायची आहे. अस्सल कोणती आणि ती पुढच्या पिढीपर्यंत कशी टिकेल?

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पैठण हे तिचे मूळ गाव, आणि आज सर्वाधिक माग नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात चालतात. पदरावरचे मोर, मुनिया, आसावली विणकर लहान लहान तिल्ल्यांवरच्या (रिळांवरच्या) रंगीत रेशमाने, उभ्या धाग्यांत हाताने गुंफत जातो. त्यामुळे अस्सल हातमागाच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच सफाईदार दिसते. पदर उलटा करून पाहावा : मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर नक्षी यंत्राने भरलेली आहे. यंत्रमागाची साडी देण्यात कमीपणा नाही, पण ती हातमागाच्या भावाने घेऊ नये आणि हातमागाची म्हणून देऊ नये. रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्क आणि हातमागाच्या खात्रीसाठी हँडलूम मार्क या दोन वेगळ्या खुणा आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. जरीची तार कोणती आहे, चांदीची की टेस्टेड (मुलामा दिलेल्या तांब्याची), हेही विचारावे.

पदरावर किती काम आहे यावर विणायला लागणारा वेळ ठरतो. साध्या बुट्टीची साडी काही आठवड्यांत उतरते, भरगच्च पदराला महिने लागतात. येवल्याला जाऊन माग पाहणे शक्य असेल तर होणाऱ्या नवरीला बरोबर न्यावे. आपली साडी वीतभर विणलेली पाहून आलेली मुलगी ती कशीही घडी करून टाकत नाही.

जपणुकीसाठी पैठणी धुतलेल्या मलमलीत किंवा सुती कापडात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, कारण जरीची तार घडीच्या रेषेवर तुटते. डांबरगोळी साडीला टेकू देऊ नये आणि अत्तर नेसण्याआधी अंगाला लावावे, साडीवर फवारू नये. वर्षातून एकदा सावलीत वारा दाखवावा. साडी नेसली जावी म्हणून, मुलीला नऊवारी नेसता येते की सहावारी हवी, हेही आधी विचारावे.

८. तांब्या-पितळेची भांडी आजची मुले वापरतात का?

वापरतात, जर भांडे योग्य निवडले तर. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडीने ठोके देत मठारकाम केलेली भांडी घडतात. मठारल्यामुळे पत्रा कडक होतो आणि प्रकाश पडला की अंगावरचे ठोके चमकतात. पाण्याचा तांब्या, घंगाळ, फुले ठेवायला पसरट पातेले, अशा वस्तू लहान घरातही नित्य दिसत राहतात.

स्वयंपाकासाठी पितळी भांडे देत असाल तर ते कल्हई करून द्यावे. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, आणि एकदा ताक किंवा आमटी कळकली की नवी सून ते भांडे पुन्हा चुलीवर चढवत नाही. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो आतून फिरवतो. धूर निवतो तेव्हा तळ आरशासारखा पांढरा झालेला असतो. आपल्या भागातल्या कल्हईवाल्याचा ठावठिकाणा चिठ्ठीवर लिहून भांड्यातच ठेवावा. समई घेताना ती ओतीव आहे की पत्र्याची, हे पाहावे. ओतीव समई हाताला जड लागते आणि तिच्या मळसूत्राच्या जोडांत खेळ नसतो.

९. वस्तूवर नाव घालावे का? काय लिहावे?

घालावे, अवश्य. नाव नसलेले भांडे तिसऱ्या पिढीत कोणाचे ते कोणालाच सांगता येत नाही. फक्त मजकूर विचारपूर्वक ठरवावा. लग्नपत्रिकेतले «चि. सौ. कां.» भांड्यावर कोरू नये, ते लग्नाच्या दिवसापुरते असते. मुलगी आडनाव बदलणार आहे की नाही हे आपण गृहीत धरू नये, म्हणून दोघांची फक्त पहिली नावे, तारीख आणि देणाऱ्याचे नाते पुरेसे आहे : «मावशीकडून», «तुझ्या मामांकडून». देणाऱ्याचे नाव कोरायला अनेकांना संकोच वाटतो, परंतु पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला तेच हवे असते.

नाव तळाशी किंवा काठाखाली, हाताने कोरून किंवा ठोकून घालावे. लेझरने वरवर उमटवलेली अक्षरे रोजच्या घासण्यात लवकर पुसट होतात. मुलाम्याच्या वस्तूवर नाव कोरले तर मुलामाच फाटतो. शुद्धलेखन कागदावर लिहून कारागिराला द्यावे, आणि कोरण्यापूर्वी ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे.

१०. मुलीला देण्यासारखे खूप आहे. पुतण्याला काय द्यावे?

मुलालाही घर मांडायचे असते, ही गोष्ट आपण विसरतो. बिडाचा तवा, लोखंडी कढई आणि अडकित्ता ही भेट मी दोन पुतण्यांना दिली आणि दोघेही त्यावर भाकरी-थालीपिठे करतात. बिडाचे भांडे पडले तर तडकते, एरवी ते दोन पिढ्या सहज चालते, आणि गंज आला तरी घासून, तेल लावून, तापवून पुन्हा कामाचे होते. आजोबांचे किल्लीचे घड्याळ घरात पडून असेल तर ते साफ करून, चालू करून द्यावे. बंद घड्याळ देऊ नये, ते बंदच राहते. एचएमटीची जुनी घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर अजून शहरांत भेटतात.

११. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी लग्नात देणे योग्य दिसेल का?

मला विचाराल तर याहून मोलाची भेट नाही. लुगडी सुती आणि मऊ झालेली असावीत. रेशमी साडी गोधडीत घालू नये, ती टाक्यांच्या ताणाने फाटते. आजी हयात असतील तर त्यांना विचारूनच लुगडी घ्यावीत आणि कोणते वर राहावे हे त्यांनाच ठरवू द्यावे. थर अंथरून चारही कडांनी आत सरकत जाणारा धावदोरा घालतात. लुगड्याचा काठ कापून न टाकता गोधडीची कड म्हणून ठेवला तर आजीचे नेसणे ओळखू येते. गावाकडे हे काम करणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांना घाई करू नये आणि मजुरीत घासाघीस करू नये.

एक खबरदारी : काही सासरी जुने वस्त्र आहेरात दिलेले रुचत नाही. तसा संशय असेल तर गोधडी मांडवात न देता केळवणाला मुलीच्या हाती द्यावी.

१२. कलाकृती किंवा वाद्य द्यावे का?

मुलगी किंवा मुलगा गात असेल तर तंबोरा ही आयुष्यभराची सोबत आहे. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांची गल्लीच आहे, आणि तुंब्यासाठी लागणारा भोपळा मंगळवेढ्याच्या परिसरातून येतो. घेताना गाणाऱ्याला बरोबर न्यावे, कारण मर्दानी आणि जनानी तंबोऱ्याचा आकार आणि स्वर वेगळा असतो. तारा बदलता येतात, जवारी (तारांखालच्या घोडीची घासून साधलेली बैठक) पुन्हा काढता येते, फुटलेला भोपळासुद्धा सांधता येतो. पण न गाणाऱ्याच्या घरात हेच वाद्य कोपऱ्यात उभे राहते, म्हणून ते हौसेपोटी देऊ नये.

चित्रांमध्ये वारली चित्राचा लग्नाशी थेट संबंध आहे. वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि चौकात पालघट ही सुफलतेची देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पालघर जिल्ह्यातल्या चित्रकाराकडून लग्नाचा चौक काढून घ्यावा, त्याची सही घ्यावी आणि काच चित्राला टेकणार नाही अशी चौकट करावी. छापील चादरी-कुशनवरची वारली नक्षी ही वेगळी गोष्ट आहे.

सावंतवाडीचा लाखकामाचा पाट किंवा दशावतारी गंजिफांचा (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा) १२० पानांचा संच हीदेखील देखणी भेट आहे. ओल्या फडक्याने न पुसणे एवढीच तिची मागणी.

१३. देवाची मूर्ती द्यावी का? अन्नपूर्णा चालेल?

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण या मूर्ती अनेक घरांत वधूची आई देते. गौरीहराच्या पूजेनंतर मुलगी त्या सासरी नेते. तो मान आईचा आहे, म्हणून तिला न विचारता या मूर्ती देऊ नयेत. आई नसेल आणि मावशीने किंवा आत्याने ती जागा घ्यावी असे घरच्यांनी सुचवले, तर मात्र आनंदाने द्याव्यात. आंतरधर्मीय किंवा नोंदणी विवाहात दोघांची श्रद्धा विचारूनच मूर्तीचा विचार करावा. अशा लग्नात अत्तरदाणी, फुलदाणी किंवा नक्षीदार डबा ही कोणत्याही घरात मानाने राहणारी वस्तू आहे.

अंतरपाट हाही चांगला पर्याय आहे. वधू-वरांची नावे भरतकामाने घातलेला अंतरपाट मंगलाष्टकांच्या वेळी वापरला जातो आणि नंतर भिंतीवर लावता येतो. गुरुजींना आधी दाखवावा, कारण काहींचा अंतरपाटावर स्वस्तिक हवेच असा आग्रह असतो.

१४. पत्रिकेवर «कृपया आहेर आणू नये» असे लिहिले आहे. तरी द्यावे का?

मांडवात देऊ नये. त्या ओळीमागे यजमानांचा विचार असतो आणि तो चारचौघांत मोडल्यास इतर पाहुणे अवघडतात. केळवणाला, किंवा लग्नानंतर जोडपे पाया पडायला घरी येईल तेव्हा, वस्तू हाती द्यावी. जवळच्या नात्यातली आठवण आणि मांडवातला आहेर यांत बहुतेक घरे फरक करतात.

१५. घरातला जुना दागिना एकाच भाचीला दिला तर बाकीचे दुखावतील का?

दुखावू शकतात, आणि हे दुःख वर्षानुवर्षे बोलले जात नाही. देण्यापूर्वी सर्व भावंडांना एकत्र बसवून कोणाला काय मिळेल हे सांगावे. वस्तू एकच असेल तर ती कोणाला आणि का, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. जंगम वस्तूचे बक्षीस प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते, त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागत नाही. तरीही सहीचे चार ओळींचे पत्र जवळ असणे भविष्यातला वाद टाळते.

जुना दागिना मोडून नवा करावा का, असेही विचारतात. माझे उत्तर नकाराचे आहे. झिजलेली कडी बदलावी, दोरा नवा घालावा, पण पाटलीवरची नक्षी आटणीत गेली की आजीच्या हातातली पाटली उरत नाही. शुद्धता जाणून घ्यायची असेल तर बीआयएसमान्य परखकेंद्रात दागिना न मोडता तपासून मिळतो.

१६. भाची परदेशात राहते. तिच्यासाठी कोणती वस्तू टाळावी?

घरातली फार जुनी वस्तू पाठवण्याआधी थांबावे. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणे किंवा मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू जुनी भासते पण शंभर वर्षांची नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. पणजीची देवमूर्ती सामानात टाकून विमानतळावर अडवली जाण्यापेक्षा हा फेरा आधी घातलेला बरा.

हस्तिदंताची जुनी फणी, डबी किंवा बांगडी परदेशातच नव्हे, देशातही भेट म्हणून देऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंच्या हस्तांतरावर कडक बंधने आहेत, वारशाने येणे वेगळे आणि भेट देणे वेगळे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे लाकडी पाट, भोपळ्याचे वाद्य अशा वस्तू उतरताना जाहीर कराव्या लागतात. जड भांडे सामानाच्या वजनात बसत नाही, म्हणून परदेशी जाणाऱ्यांना हातमागाची साडी, लहान चांदी किंवा प्रश्न १८ मधली भेट सोयीची पडते.

१७. लग्नातल्या भेटीवर कर लागतो का? कागदपत्रे ठेवावीत का?

विवाहप्रसंगी वधूला किंवा वराला मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही, देणारा नातलग असो वा नसो. ही सूट विवाह करणाऱ्या व्यक्तीला आहे, तिच्या आईवडिलांच्या नावे आलेल्या भेटीला नाही. रोख रक्कम मात्र एका व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक स्वीकारता येत नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक घरे वगळतात. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ खालील १९८५ च्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या याद्या करायच्या असतात. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. मुलीला दिलेली भेट ही स्त्रीधन आहे आणि तिच्यावर फक्त तिचाच अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी निकालात स्पष्ट केले. म्हणून दागिना देताना पावती मुलीच्याच हाती द्यावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. हे अविश्वासाचे लक्षण मानू नये.

१८. फार खर्च करता येत नाही. तरी टिकणारे काय देता येईल?

घरातल्या पाककृती. आई, आजी, काकू यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात, «अंदाजाने मीठ» लिहिले असेल तर तेही तसेच ठेवावे. आम्लरहित कागदाची बांधीव वही घ्यावी आणि रंगद्रव्याच्या, पाण्याने न विरघळणाऱ्या शाईने लिहावे. साधी शाई उजेडात फिकी पडते. मूळ हस्ताक्षराची पाने लॅमिनेट करू नयेत, ते पुन्हा काढता येत नाही. पेन ड्राइव्हमध्ये घातलेले फोटो ही टिकाऊ भेट नव्हे. चांगल्या कागदावर छापून, मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहिलेले वीस फोटो पुष्कळ अधिक जगतात. चार-पाच भावंडांनी वर्गणी काढून एकच वस्तू घेण्याचा मार्गही आहे, त्या वेळी सर्वांची नावे चिठ्ठीवर असावीत.

१९. काळा रंग लग्नात चालत नाही, मग भाचीला आवडणारी काळी चंद्रकळा कधी द्यावी?

लग्नात न देता पहिल्या संक्रांतीला द्यावी. त्या सणाला काळी साडी आणि हलव्याचे दागिने हाच नव्या नवरीचा मान असतो. लग्नात हातात फक्त फुले देऊन संक्रांतीला येते असे सांगणाऱ्या मावशीची वाट पाहिली जाते.

२०. दिलेली वस्तू त्यांच्या घरी कुठे दिसत नाही. विचारावे का?

थेट विचारू नये, प्रश्नाने जोडपे खजील होते. पहिली काही वर्षे घर बदलते, नोकऱ्या बदलतात आणि वस्तू खोक्यांत राहतात. भांडे असेल तर आपल्या घरी कल्हईवाला येणार असेल त्या आठवड्यात फोन करून «तुझेही पातेले पाठवून दे, माझ्याबरोबर होऊन जाईल» एवढे म्हणावे. साडी असेल तर घरातल्या पुढच्या मुंजीला ती नेसून ये असे सांगावे.